गल्ल्याजवळची वही

लातूरला आमच्या चुलत्यांची बारकी डाळ मिल आहे आणि गंजगोलाईत एक दुकान. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं गिऱ्हाईक आपोआप येतं अशी काकांची पक्की समजूत. 2021 साली मी पुण्यातली नोकरी सोडून परत आलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कंप्युटर शिकलास ना, मग आपली डाळ ऑनलाइन विकून दाखव." पुढचं सगळं मी चुकत चुकत शिकलो. उपयोगाची माहिती लिहून, दाखवून गिऱ्हाईक जोडायच्या या कामात नव्यानं येणाऱ्यांनी निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत.

पहिली चूक एजन्सीची. सोशल मीडियावर पोस्टी टाकायला एक एजन्सी लावली. दिवाळी, पाडवा, शिवजयंती, सगळ्या शुभेच्छा झाल्या, कोपऱ्यात आमचा लोगो. लाइक आले ते पाहुण्यारावळ्यांचे. पोस्ट जास्त लोकांना दिसावी म्हणून बूस्टला पैसे घातले की आकडे वर, पैसे संपले की खाली. तीन महिन्यांत त्या पोस्टींवरून डाळीचा एक कट्टाही गेला नाही.

मग एक दिवस एक मावशी तणतणत आल्या. "दादा, तुमची डाळ शिजतच नाही. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच." त्याच पोत्यातली डाळ आमच्या घरी मेणासारखी शिजत होती. बोलता बोलता कळलं, त्या नव्या कॉलनीत राहायला गेल्या होत्या आणि तिथं बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, दाणा फुटत नाही. डाळ जुनी असली तरी असंच होतं, पण ही नवी होती. आरओच्या पाण्यात शिजवून बघा म्हटलं. दोन दिवसांनी त्या सांगायला आल्या, झालं म्हणून.

त्या रात्री मी दोन कुकर मांडून फोनवर दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. एकात बोअरचं पाणी, एकात आरओचं. आवाज खराब होता, मागून मिक्सर चालू होता. तरी पुण्या-नगरकडून विचारणा आली ती त्याच व्हिडिओमुळं.

तेव्हापासून गल्ल्याजवळ एक दोनशे पानी वही ठेवली. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. तूरडाळीच्या फटका आणि सव्वा नंबर या प्रतींत फरक काय? एरंडेल लावलेली डाळ धुवावी का? लाखेची डाळ मिसळलेली कशी ओळखायची? हीच तुमची कंटेंटची, म्हणजे लिहायच्या-दाखवायच्या मजकुराची यादी. विषय सुचत नाहीत असं सांगणारा दुकानात बसलेलाच नसतो, हे माझं स्पष्ट मत.

सगळ्यात मोठं भांडण झालं पॉलिशवरून. काका म्हणाले, "पॉलिशचं कशाला सांगायलास? आपणच विकतो की ती डाळ." खरं होतं. चकचकीत डाळ लोक मागतात, म्हणून आम्हीही ठेवतो. पण मी लिहिलं की ही चमक तेलाच्या किंवा पाण्याच्या पॉलिशची असते, चवीत त्यानं भर पडत नाही. बिनपॉलिशची मळकट दिसते, दोन्ही आमच्याकडं आहेत, बघून घ्या. शेजारचे दुकानदार आठवडाभर आमच्याशी नीट बोलले नाहीत. मात्र ते वाचून फोन करणाऱ्यांनी पहिला प्रश्न भावाचा केला नाही. जाहिरात बघून आलेला माणूस आधी किलोमागं दोन रुपये तोडायला बघायचा. हा फरक कळला तसे काकाही नरमले. त्यात मी त्यांना जॉन डिअरचं सांगितलं: ट्रॅक्टरवाल्या त्या कंपनीनं 1895 पासून शेतकऱ्यांसाठी शेतीची माहिती देणारं नियतकालिक चालवलंय. काकांच्या मेव्हण्याकडं तोच हिरवा ट्रॅक्टर आहे, त्यामुळं मुद्दा पटला.

काही बारीकसारीक गोष्टी. गुगलवर दुकानाचं प्रोफाइल आधी नीट भरा. ते फुकट आहे आणि तिथले फोटो, वेळा, अभिप्राय लोक खरंच बघतात. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून बिल देतानाच "नंबर सेव्ह करा" म्हणायचं. आमच्या हे वर्षभर लक्षातच आलं नाही.

आणि हंगाम पाळा. नवी तूर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, डिसेंबर-जानेवारीपासून यायला लागते, उन्हाळ्यात लोक वर्षाची डाळ भरतात. किडे होऊ नयेत म्हणून काय करावं हा लेख एप्रिलमध्ये टाकला तर उशीर झाला समजा. गुगलला तो वर आणायला वेळ लागतो. आम्ही जानेवारीतच टाकतो. आमच्याकडं नियमित फोन सुरू व्हायला सहा-सात महिने लागले. ज्याला पुढच्या आठवड्याचा हप्ता भरायचाय त्यानं याच्या भरवशावर राहू नये, सरळ मोंढ्यात माल काढावा. अमुक खाल्ल्यानं साखर कमी होते असले दावे तर चुकूनही लिहू नका; विश्वास जातो तो जातो, शिवाय खाद्यपदार्थांच्या जाहिरातीला एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम लागतात.

हिशेब मी सोपा ठेवलाय. नवा फोन आला की विचारायचं, "आमचं कुठं कळलं?" उत्तर वहीच्या मागच्या पानावर.

आता इतरांचंही काम घेतो. वसमतच्या एका हळदवाल्यांनी बोलावलं तेव्हा त्यांना रील हवे होते. मी आधी दोन दिवस त्यांच्या काट्याजवळ नुसता बसून राहिलो, फोनवरचं बोलणं ऐकत. तिसऱ्या दिवशी पहिला मजकूर लिहिला: हळद आधी उकडतात आणि मग का वाळवतात? मालक हसले, "हे कुणाला माहीत नाही?" वसमतमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मुंबईहून फोन करणाऱ्या त्यांच्या गिऱ्हाइकांना मात्र ओल्या हळकुंडाचं वाळकं हळकुंड होतं कसं, याचाच पत्ता नव्हता.