पिअर, कॉलीग की काउंटरपार्ट? ‘बरोबरीचा’ शब्द कसा निवडावा

भाच्याने नोकरीच्या अर्जात बारावीच्या मित्रांना ‘कॉलीग’ करून टाकलं. कॉलेजातले ते कॉलीग, असा सरळ हिशेब! मराठीत ‘बरोबरीचा’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत आधी विचारायचं, बरोबरी कशातली?

१. कामाचं ठिकाण किंवा पेशा एक असेल तर कॉलीग. पद सारखं असायलाच हवं असं नाही. विभागप्रमुख आणि कालच रुजू झालेली व्याख्याती, दोघं एकमेकांचे कॉलीगच.

२. हुद्दा तोच, पण संस्था किंवा देश वेगळा असेल तर काउंटरपार्ट. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांचा काउंटरपार्ट म्हणजे जपानचा परराष्ट्रमंत्री. मराठी बातम्यांतला ‘समपदस्थ’. कायद्याच्या भाषेत काउंटरपार्ट म्हणजे कराराची जोडप्रत. भाडेकराराची एक प्रत मालकाकडे, दुसरी भाडेकरूकडे, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला चुकूनही काउंटरपार्ट म्हणणार नाही.

३. वय, दर्जा किंवा जाणकारी सारखी असेल तर पिअर. मूळ लॅटिन ‘पार’, म्हणजे समान. मित्र करतात म्हणून आपणही करायचं, हे पिअर प्रेशर. शोधनिबंध त्याच विषयातल्या जाणकारांनी तपासायचा, हा पिअर रिव्ह्यू. इंग्लंडच्या १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेतही स्वतंत्र माणसाचा निवाडा त्याच्या बरोबरीच्यांनी किंवा देशाच्या कायद्याने व्हावा, असं कलम आहे. गंमत म्हणजे तिथल्या उमरावांनाही पिअरच म्हणतात, आणि या ‘समानां’त ड्यूकपासून बॅरनपर्यंत चक्क पाच पायऱ्या! ‘पिअरलेस’ मात्र मित्र नसलेला नव्हे; तो अजोड.

४. सामना असेल तर मॅच. ‘ही मेट हिज मॅच’ म्हणजे त्याला तोडीस तोड भेटला. इथे पिअर घातलात तर वाक्यातली कुस्तीच निघून जाते.

५. ‘सह-’ म्हणायचं असेल तर नामाआधी फेलो लावा: फेलो पॅसेंजर, सहप्रवासी. मूळ जुन्या नॉर्स भाषेतलं. अर्थ भागीदारीत पैसा घालणारा. नुसतं ‘अ फेलो’ म्हटलंत तर मात्र बरोबरी संपली, उरला कुणीतरी इसम. रिसर्च फेलो हे तर पदच.

भाच्याच्या अर्जात यातलं काहीच लागलं नाही. ‘क्लासमेट’ लिहिलं आणि अर्ज पाठवला.