“इन्शुरन्स घेता का?” एवढेच विचारू नका

न्यू जर्सीत नव्याने आलेली आपली मंडळी ताप आल्यावर डॉक्टर शोधू लागतात, कारण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन बसले की तासाभरात नंबर लागतो ही सवय अंगवळणी पडलेली असते. येथे नवीन रुग्णाला प्रायमरी केअर डॉक्टरची, म्हणजे आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची, पहिली वेळ मिळायला कित्येकदा काही आठवडे लागतात. म्हणून विम्याचे कार्ड हाती पडताच, धडधाकट असतानाच, अशा डॉक्टरकडे नाव नोंदवावे. एचएमओ या प्रकारच्या विमा योजनेत तज्ज्ञाकडे जाण्यासाठी बहुधा याच डॉक्टरचे रेफरल, म्हणजे शिफारस, लागते, पीपीओ या प्रकारात सहसा लागत नाही.

पहिल्या वर्षी मी दवाखान्यात फोन करून “आमचा इन्शुरन्स घेता का?” असे विचारले, पलीकडून गोड आवाजात “हो” आले, आणि दीड महिन्याने ४८० डॉलरचे बिल आले. ‘घेतो’ याचा अर्थ ते विमा कंपनीकडे बिल पाठवतात एवढाच होता. माझ्या योजनेच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांमध्ये, ते नव्हतेच. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’ हा अनपेक्षित बिलांविरुद्धचा कायदा प्रामुख्याने आणीबाणीच्या उपचारांसाठी आणि नेटवर्कमधल्या रुग्णालयात बाहेरच्या डॉक्टरने केलेल्या उपचारांसाठी आहे. आपण होऊन निवडलेल्या साध्या दवाखान्याच्या बिलात त्याचा आधार मिळत नाही.

एकाच कंपनीच्या अनेक योजना असतात आणि त्यांची नेटवर्क वेगळी असू शकतात. म्हणून कार्डावरचे योजनेचे पूर्ण नाव वाचून दाखवावे आणि “या योजनेसाठी हे डॉक्टर, याच पत्त्यावर, इन-नेटवर्क आहेत का?” असे विचारावे. मग कार्डामागच्या क्रमांकावर विमा कंपनीलाही तोच प्रश्न विचारून तारीख, बोलणाऱ्याचे नाव आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत केव्हाच सोडून गेलेले डॉक्टरही सापडतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर “चांगला देशी डॉक्टर सुचवा” म्हटले की दहा नावे येतात, पण सुचवणाऱ्याचा विमा त्याच्या नोकरीचा असतो, आपल्या नव्हे, हे कोणीच सांगत नाही.

तपासणीसाठी रक्त देतानाही नमुना कोणत्या लॅबकडे जाणार आणि ती नेटवर्कमध्ये आहे का, हे विचारावे.

वार्षिक तपासणी बहुतेक योजनांत इन-नेटवर्क डॉक्टरकडे विनामूल्य असते. मात्र त्याच भेटीत जुन्या गुडघेदुखीचा विषय काढला, तर त्याचे वेगळे शुल्क लागू शकते; माझ्या बायकोला ती दोन वाक्ये ६० डॉलरना पडली.