एअर रायफलला स्कोप घेताय? आधी हे बघा

नागपुरात पोरगं १० मीटर एअर रायफल शिकायला लागलं की घरचे हौसेनं स्कोपही (नेम धरायची दुर्बीण) घेऊन देतात. ते पैसे राहू द्या. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत या प्रकाराला दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्रातून नेम धरायची पीप साइटच लागते.

शेतावर, मागे मातीचा भक्कम बांध ठेवून, नुसता नेमबाजीचा शौक करायचा असेल तर गोष्ट वेगळी. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का आधी मागे, मग पुढे बसतो. या उलट्या धक्क्यानं मोठ्या रायफलचा महागडा स्कोपही आतून ढिला पडू शकतो. म्हणून एअरगनसाठी बनवलेलाच मागा. शिवाय साधे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले असतात. १५ मीटरवर डोळा जरा हलला की नेम सरकतो. पुढची कडी फिरवून १० यार्डांपर्यंत पॅरॅलॅक्स, म्हणजे ही नेमाची सरक, जुळवता येणारा उत्तम. ४×३२ (चौपट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ३२ मिमी) भरपूर झाला. मोठ्या आकड्यांना भुलू नका, हातांची थरथरच मोठी दिसते!

बहुतेक एअर रायफलींना स्कोप बसवायला ११ मिमीची खाच असते, पिकॅटिनी रेलचा (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीचा) माउंट, म्हणजे स्कोपची पकड, तिथे बसत नाही. मे महिन्यात स्कोप बंद गाडीत ठेवू नका.