'स्वयम'वरचा कोर्स आणि अडकलेलं क्रेडिट

नवीन पोरं मेसमध्ये हमखास विचारतात, "दादा, 'स्वयम'वर कोर्स केला तर खरंच क्रेडिट मिळतात का?" स्वयम म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, आणि क्रेडिट म्हणजे विषय पास झाल्यावर डिग्रीत मोजले जाणारे अंक. मिळतात ना बे. पण नुसते व्हिडिओ पाहून नाही मिळत.

मी काटोलकडचा, नागपुरात नंदनवनला रूम करून राहिलो. सहाव्या सेमिस्टरला मशीन लर्निंग शिकवायला आमच्याकडे कोणी नव्हतं, म्हणून मद्रास आयआयटीचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१६ मध्ये सेमिस्टरचे २० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करायला मुभा दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्के केली. तुमचा विभाग कोणता कोर्स कोणत्या विषयाऐवजी धरणार, ते मात्र आधीच लेखी घ्या. तोंडी "हो हो, करा"वर जाऊ नका.

पहिला गोंधळ नाव नोंदवताना होतो. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं, परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो आणि त्याची फी असते. आमच्यातले दोघं तिथंच अडकले. दर आठवड्याला व्हिडिओ पाहिले, फॉर्मची तारीख गेली, संपलं.

सरांचं इंग्रजी मला सुरुवातीला झेपत नव्हतं. मग वेग पाऊणपट केला. पाच मिनिटं ऐकायचं, थांबवायचं, वहीत मराठीत लिहायचं. ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे चूक पायरीपायरीनं कमी करत नेण्याची रीत, मी आकडेमोड करत तीनदा कागदावर सोडवलं, तेव्हा कुठं ते डोक्यात शिरलं. सरांना थांबवून मागं नेता येतं, ही चैन वर्गात कुठली?

असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री ११:५९. चौथ्या आठवड्यात ११:४० ला वाय-फाय गेलं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावेपर्यंत पान उघडेना, आणि शून्य मिळालं. वाचलो ते एवढ्यासाठी, की १२ पैकी सर्वोत्तम ८ च धरतात. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही लागतात. त्या दिवसापासून मी सोमवारीच मोकळा व्हायचो.

आणि इतकं ऑनलाइन करून परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच! एप्रिल संपत आलेला, डोक्याला दुपट्टा बांधून बर्डीहून (सीताबर्डी) मेट्रोनं लोकमान्यनगर, तिथून पुढं ऑटो. ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्सवर आत सोडत नाहीत.

खरी कटकट निकालानंतर सुरू झाली. क्रेडिट जमा होतात ते अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, आणि ते खातं डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या अ‍ॅपमधून आधारवर उघडतं. आता आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. माझ्या वडिलांच्या नावात तर एका कागदावर 'राव' होतं, दुसऱ्यावर नव्हतं. सर्टिफिकेट हातात असून क्रेडिट दोन महिने कुठंच दिसेना. खिडकीवरचे बाबू म्हणायचे, "सिस्टीम घेत नाही." शेवटी आधार दुरुस्त करून आणलं, तेव्हा तीन क्रेडिट दिसले.

म्हणून मेसमध्ये आता कोणी कोर्सचं विचारलं, की मी आधी म्हणतो, "आधार काढ, दहावीची मार्कशीट काढ, दोन्ही शेजारी ठेव." पोरं हसतात. परवा सहापैकी चौघांची नावं जुळली नाहीत.