कयाकमध्ये अंथरूण कोरडं ठेवायचं तर

न्यूयॉर्क राज्यातल्या सारानॅक लेकच्या बेटांवर मुक्काम करायचा तर सामान होडीनेच न्यावं लागतं, आणि वल्ह्यावरून ओघळणारं पाणी कयाकच्या, म्हणजे अरुंद वल्हवायच्या होडीच्या, तळाशी साचतंच. पहिल्या वर्षी धाकट्याची स्लीपिंग बॅग रात्री पिळून काढली. आता ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी खास पिशवी) न घेता असं करतो:

१. साध्या सॅकमध्ये कचऱ्याची जाड पिशवी अस्तरासारखी घाला. सुगंधी नको, कपड्यांना लिंबाचा वास लागतो.
२. सामान भरून गुडघ्याने दाबा, हवा काढा.
३. तोंड दोरीसारखं पिळा, दुमडा, वर दोन रबरबँड.

एका मोठ्या बोचक्यापेक्षा तीन लहान बरी. कयाकमधल्या सामानाच्या कप्प्याच्या तोंडातून मोठं जातच नाही.

गाडीची किल्ली मात्र यात नको. ती झिपच्या पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या बंद खिशात.