पन्नाशीनंतर प्रस्तरारोहण आणि लांब पल्ल्याचे खेळ: सुरुवात कशी करावी

पन्नाशी-साठीत प्रस्तरारोहणाला किंवा लांब पल्ल्याच्या धावण्याला, सायकलिंगला सुरुवात करणाऱ्याला सर्वाधिक काळजी वाटते ती दम लागण्याची, आणि ती बहुतेकदा अनाठायी असते. नियमित सराव केल्यास दमश्वास काही आठवड्यांत सुधारू लागतो आणि स्नायूंची ताकदही त्याच सुमारास वाढलेली जाणवते. मात्र स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना आणि सांध्यांभोवतीच्या अस्थिबंधांना तोच भार पेलण्याइतके बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यापेक्षा तिसरा-चौथा महिना अधिक धोक्याचा असतो, कारण तेव्हा अंगात जोर आलेला असतो, कंडरा मात्र अजून मागेच असतात. सरावाचे वेळापत्रक आखताना नजर या संथ भागावर असावी.

बरीच वर्षे बैठे काम केले असेल किंवा रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि ‘व्यायाम करू का’ असे मोघम न विचारता नेमके काय करणार आहोत ते सांगावे. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची हृदयगती श्रमानुसार नेहमीइतकी वाढत नाही, म्हणून घड्याळातल्या आकड्यांवर विसंबून त्यांनी जोर ठरवू नये. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्यांनी बोल्डरिंगपासून, म्हणजे कमी उंचीच्या भिंतीवर किंवा खडकावर चढण्याच्या प्रकारापासून, दूरच राहावे. त्या प्रकारात दोर नसतो आणि प्रत्येक पडणे थेट गादीवर होते. गादी जाड असली तरी घोटा, मनगट आणि पाठीचे मणके यांना धक्का बसतोच.

किंबहुना उशिरा सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने कृत्रिम भिंतीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, टॉप रोपनेच आरंभ करावा असे माझे स्पष्ट मत आहे. या पद्धतीत दोर वरच्या आधारातून फिरून खाली बिले देणाऱ्या, म्हणजे दोर सांभाळून पडणे रोखणाऱ्या, साथीदाराकडे येतो, त्यामुळे हात सुटला तरी चढणारा सहसा थोडासाच खाली येतो. हार्नेसचे (कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचे) बक्कल, आठच्या आकाराची गाठ, बिलेचे साधन आणि कॅराबिनरचे (दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचे) कुलूप दोघांनी एकमेकांचे तपासल्याशिवाय जमिनीवरून पाय उचलायचा नाही, हा नियम अनुभव वाढला तरी मोडू नये.

नवशिका हातांनी स्वतःला वर ओढतो आणि दहा मिनिटांत त्याचे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात दगडासारखे कडक होतात. वजन पायांनी ढकलावे, हात शक्यतो सरळ ठेवावेत, नितंब भिंतीजवळ आणावेत आणि पायाचा अंगठा कोठे ठेवायचा हे पाहिल्यावरच हात हलवावा. बोटांबाबत तर फारच जपावे लागते. बोटांची मधली पेरे तीक्ष्ण कोनात वाकवून वर अंगठा दाबण्याची पकड मजबूत वाटते, पण तीत कंडरेला हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर मोठा ताण येतो आणि बोटाच्या तळाशी असलेली पट्टी त्यात फाटू शकते. पहिले वर्षभर बोटे मोकळी ठेवून पकडता येतील असेच मोठे आधार निवडावेत आणि बोटांच्या ताकदीसाठी लोंबकळण्याच्या फळीला हातही लावू नये. आठवड्यातून दोन सत्रे पुरेत, त्यांत किमान दोन दिवसांचे अंतर असावे. प्रत्येक सत्राआधी पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करावे आणि पकड सैल पडू लागताच सत्र थांबवावे. बुटांविषयी एवढेच, की बोटे चुरगळतील इतके घट्ट बूट या टप्प्यावर कोणाच्याही कामाचे नाहीत.

लांब पल्ल्याच्या सरावात वेगळीच चूक होते: हळू जायचे दिवस लोक जोरात जातात. ‘२२० वजा वय’ या सूत्राने काढलेली कमाल हृदयगती एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते; त्यापेक्षा पूर्ण वाक्ये बोलता येतील तो वेग आपला, ही कसोटी विश्वासार्ह आहे. फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी २०१४ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, एका तासात २६.९२७ किलोमीटर सायकल चालवली. त्यांच्या त्यापूर्वीच्या सरावाचा सुमारे ८० टक्के भाग हलक्या श्रमाचा आणि २० टक्के कठीण होता, आणि त्या काळात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढली. शंभरीनंतर जे बहुतांशी हलक्या सरावाने साधले, त्यासाठी पन्नाशीत रोज धापा टाकण्याचे कारण नाही.

धावणाऱ्याने चालण्यापासून सुरुवात करावी, मग चालण्यात मिनिटा-दोन मिनिटांचे धावणे मिसळावे. अंतर थोडेथोडे वाढवावे, दर चौथ्या आठवड्याला ते कमी करावे आणि अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत. उतारावरची धाव दमाला सोपी असली तरी मांड्यांना आणि गुडघ्यांना जड जाते, म्हणून ती उशिरा घ्यावी. वयाबरोबर स्नायू झिजतात. केवळ धावल्याने ते टिकत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोनदा वजनांचे व्यायाम हवेतच. त्यांत टाचा उचलण्याचा व्यायाम घोट्यामागच्या कंडरेसाठी आणि ढकलण्याचे व्यायाम चढाईने एकाच दिशेने ताणल्या जाणाऱ्या खांद्यांसाठी असावेत. उतारवयात तहान उशिरा जाणवते, तेव्हा लांबच्या सत्रात पाण्याची आठवण ठेवावी; मात्र घामापेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत घसरू शकते.

दोन्ही खेळ एकत्र करायचे असतील, तर चढाई विश्रांतीनंतरच्या ताज्या दिवशी ठेवावी आणि आठवड्यातील लांब धाव तिच्या आदल्या दिवशी घेऊ नये, कारण थकलेले पाय चढताना सारा भार बोटांवर ढकलतात. सरावानंतर अंग सर्वत्र दुखणे आणि दोन-तीन दिवसांत ओसरणे स्वाभाविक आहे. याउलट बोटाच्या तळाशी दाबल्यावर एकाच जागी कळ येणे, टाच सकाळी पहिल्या पावलांना आखडणे किंवा सांधा सुजणे ही थांबण्याची खूण समजावी. चढताना बोटात ‘टक्’ असा आवाज झाल्यास त्याच क्षणी खाली उतरून डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपण, भोवळ किंवा अवेळी धाप लागल्यास सराव तिथेच सोडून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. किरकोळ दुखण्यामुळे काही आठवड्यांचा खंड पडला, तर पूर्वीच्या निम्म्या भारापासून पुन्हा सुरुवात करावी, मग दम कितीही पूर्वीसारखा वाटत असो.