साचे बनण्याआधी एलसीए: पहिल्या टप्प्यावरचा ढोबळ हिशेब कसा मांडावा

उत्पादनाचं जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजेच एलसीए (कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत वस्तूचा पर्यावरणावर पडणारा भार मोजणं), बहुतेक वेळा अगदी शेवटी होतं. साचे तयार असतात, पुरवठादार ठरलेले असतात आणि मग अहवाल येतो. तेव्हा हाती फार तर खोक्याचा पुठ्ठा बदलणं उरतं. संकल्पनेच्या टप्प्यावर माहिती तुटपुंजी असली तरी बदलायला भरपूर वाव असतो. त्यामुळे या टप्प्यावर ढोबळ हिशेब पुरतो. डिझाइनरनं आपली मेहनत कुठे लावावी, एवढंच त्यातून कळायला हवं.

इथे विजेची किटली उदाहरणादाखल घेऊ. आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण पाहण्यासारखं आहे.

कार्यात्मक एकक आधी लिहा

‘एक किटली’ हे एकक चालत नाही. ती वस्तू कोणतं काम, किती वेळा आणि किती वर्षं करणार ते एका वाक्यात लिहा: ‘५ वर्षं, रोज ३ वेळा, दर वेळी अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेणं.’ मग २ वर्षांत बिघडणारी स्वस्त किटली आपोआप अडीच किटल्यांच्या भारानं हिशेबात येते. शिवाय कपापुरतंच पाणी तापवणाऱ्या अगदी वेगळ्या संकल्पनेशीही तुलना करता येते. हे वाक्य चुकलं तर पुढचे सगळे आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो, म्हणून टीममधल्या सगळ्यांची त्यावर संमती घ्या आणि मगच पुढे जा.

भागांची यादी आणि वजनं

आराखडा अजून कागदावर असेल तर त्याच जातीचं बाजारातलं उत्पादन खोला आणि एकेक भाग ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा. प्रत्येक भागासमोर साहित्य, वजन आणि घडणीची पद्धत लिहा. वाया जाणारं साहित्यही धरा: ८०० ग्रॅमच्या ठोकळ्यातून २०० ग्रॅमचा भाग कोरला जात असेल, तर खरेदी ८०० ग्रॅमची आहे.

हलके भाग वजन पाहून गाळू नका. सर्किट बोर्ड थोड्याच ग्रॅमचा असतो, पण चिप आणि सोनं यांचा ग्रॅममागचा भार प्लास्टिकच्या कित्येक पट असतो. ‘१ टक्क्याहून हलकं ते सोडून द्या’ हा नियम इलेक्ट्रॉनिक्समध्ये हमखास फसवतो.

किटलीचा हिशेब, कार्बन डायऑक्साइड समतुल्य किलोमध्ये (म्हणजे सगळे हरितगृह वायू तेवढ्याच परिणामाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजून):

- स्टेनलेस स्टील ०.६ किलो, दर किलोमागे सुमारे ५: एकूण ३
- पॉलिप्रॉपिलिन (प्लास्टिक) ०.५ किलो, दर किलोमागे सुमारे २: एकूण १
- तांब्याची वायर आणि इतर धातू ०.१ किलो, दर किलोमागे सुमारे ४: एकूण ०.४
- मोल्डिंग, प्रेसिंग, जोडणी: अंदाजे १.५

म्हणजे किटली तयार होईपर्यंत साधारण ६ किलो.

गुणांक, म्हणजे वरचे दर किलोमागचे आकडे, शक्यतो एकाच डेटाबेसमधून घ्या, कारण हिशेबात काय धरायचं याच्या प्रत्येकाच्या सीमा आणि एकाच प्रक्रियेचा भार अनेक उत्पादनांत वाटण्याचे नियम वेगळे असतात. ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर मोफत आहे. इकोइन्व्हेंट हा डेटाबेस मोठा आहे, पण विकत घ्यावा लागतो. गुणांक कोणत्या प्रदेशाचा आणि कोणत्या वर्षाचा आहे तेही पाहा. जलविद्युतीवर वितळवलेल्या प्राथमिक ॲल्युमिनियमचा आकडा किलोमागे ४-५ असतो, कोळशाच्या विजेवरचा २०च्या आसपास जातो. नुसतं ‘ॲल्युमिनियम’ म्हणून उचललेला आकडा म्हणूनच कामाचा नाही.

वापराचा टप्पा

अर्धा लिटर पाण्याचं तापमान ८० अंशांनी वाढवायला सुमारे १६८ किलोज्यूल, म्हणजे ०.०४७ युनिट वीज लागते. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ०.०५५ युनिट. ५ वर्षांत ५,४७५ वेळा पाणी उकळलं की सुमारे ३०० युनिट होतात. युनिटमागे अर्धा किलो उत्सर्जन धरलं, तर १५० किलो.

एकीकडे ६, दुसरीकडे १५०. हँडल बांबूचं करावं की प्लास्टिकचं, यावर बैठका घेण्यात इथे अर्थ नाही. अर्ध्या लिटरची गरज असताना लोक पाऊण लिटर भरत असतील, तर आणखी ७५ किलो वाढतात, म्हणजे अख्ख्या किटलीच्या घडणीच्या बारापट. म्हणून किमान पातळीची खूण खाली आणणं, कपांच्या रेघा आखणं, नळाखाली धरलेली असतानाही पातळी दिसेल अशी खिडकी देणं हीच इथली खरी कामं आहेत. त्यातली बरीचशी साच्यातच ठरतात, म्हणून ती आत्ताच करायची.

आता एकेक गृहीतक हलवून पाहा. वीज स्वच्छ झाली आणि युनिटमागे ०.१ किलोवर आली, तर १५०चे ३० होतात. अशा वेळी २ वर्षांत मोडणाऱ्या किटलीच्या घडणीचे (अडीच किटल्यांचे) १५ किलो डोळ्यांत भरतात आणि दुरुस्त करता येणाऱ्या झाकणाला किंमत येते. वाहतूकही तपासा: १०,००० किलोमीटर जहाजानं आणलं तर पाव किलोही होत नाही, पण विमानानं तोच आकडा घडणीच्या आकड्याला गाठतो किंवा ओलांडतो. माल उशिरा तयार झाला की विमान गाठावं लागतं, तेव्हा उत्पादनाचं वेळापत्रकही डिझाइनरच्या हिशेबात असलं पाहिजे.

प्रत्येक वस्तूचं चित्र असंच निघेल असं नाही. खुर्चीत साहित्य आणि टिकाऊपणा हेच सर्वस्व. स्मार्टफोनमध्ये चिपची निर्मिती जड, प्रिंटरमध्ये कागद आणि शाई.

हमखास होणाऱ्या चुका

पुनर्चक्रणाचं श्रेय दोनदा घेतलं जातं. पुनर्चक्रित धातू वापरल्याचा फायदा सुरुवातीलाच धरायचा आणि तोच धातू शेवटी पुन्हा पुनर्चक्रात जाईल म्हणून आणखी वजाबाकी करायची, हे चालत नाही. एक पद्धत निवडा आणि सगळ्या पर्यायांना तीच लावा.

जैविक प्लास्टिकमध्ये वनस्पतीनं शोषलेला कार्बन वजा केला जातो, पण वस्तू जळल्यावर किंवा कुजल्यावर तो बाहेर पडतो हे विसरलं जातं. शेतीची खतं, पाणी आणि जमीन हा भार तर कार्बनच्या आकड्यात धड दिसतही नाही. युरोपीय आयोगाच्या पर्यावरण पदचिन्ह पद्धतीत १६ प्रभाव गट, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचे प्रकार, आहेत. पहिल्या टप्प्यावर सगळे नकोत, पण कार्बनच्या जोडीला पाणी, जमीन, विषारीपणा आणि खनिजांचा वापर पाहाच. नाहीतर एका ठिकाणचा भार दुसरीकडे सरकतो आणि आपण सुधारणा केली असं वाटत राहतं.

तिसरी चूक दशांश चिन्हांवर विश्वास ठेवण्याची. या टप्प्यावर दोन पर्यायांत २०-३० टक्क्यांहून कमी फरक असेल, तर ते सारखेच माना आणि निवड किमतीवर किंवा दुरुस्तीच्या सोयीवर करा. दुप्पट-तिप्पट फरक मात्र सहसा पुढेही टिकतो.

हे आकडे जाहिरातीत वापरू नका. ‘आमचं उत्पादन त्यांच्यापेक्षा पर्यावरणपूरक’ असा जाहीर तुलनात्मक दावा एलसीएच्या आधारे करायचा, तर आयएसओ १४०४४ या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तज्ज्ञांच्या समितीकडून चिकित्सक परीक्षण करून घ्यावं लागतं.

पुढच्या फेरीसाठी

हिशेबाच्या तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा: आकडा कुठून आला? मोजला, पुरवठादारानं दिला, डेटाबेसमधून घेतला की अंदाज केला? प्रत्येक डिझाइन आढाव्याला तक्ता नव्यानं भरा, पण सगळे अंदाज पक्के करत बसू नका. ज्याच्यावर निकाल सर्वांत जास्त हलतो, तो आधी घ्या. किटलीत तो आकडा स्टीलचा नाही, लोक प्रत्यक्षात किती पाणी भरतात हा आहे. ८-१० घरांत आठवडाभर भरण्याची पातळी नोंदवून घेतली की तो मिळतो.